बुटातलं पाणी

आर्विड हाउतालाला कशाचीच किळस येत नसे, हे आधी सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे कुणाचा विश्वास बसणार नाही. गावाच्या सांडपाणी केंद्रात तो बारा वर्षं तपासनीस होता. अख्ख्या गावानं सकाळी जे जे सोडून दिलं, ते दहाच्या सुमारास काचेच्या नळ्यांतून त्याच्या टेबलावर हजर व्हायचं, आणि साडेबाराला त्याच टेबलावर तो डब्यातली पेस्टी उघडायचा. भाजलेल्या पारीत बटाटा, सलगम, मांस. एका हातानं खायचा, दुसऱ्या हातानं आकडे लिहायचा. नाकाला रुमाल लावून आलेल्या पाहुण्यांना तो कॉफी विचारायचा आणि ते नाही का म्हणतात, हे त्याला कधी कळलं नाही.

असा माणूस बिघडला तो बूटभर पाण्यानं.

सुपीरियर तळ्याच्या या काठाला उन्हाळ्यात लाट अशी नसतेच. महिन्यातून एखादी कशीबशी पदरात पडते. खरा हंगाम नोव्हेंबरनंतर, वायव्येचा वारा सुटला की. तेव्हा शहाणी माणसं घरात बसतात आणि सिल्वी मावशीच्या सौनावर, म्हणजे वाफ घ्यायच्या लाकडी खोपटावर, जमणारी मंडळी लाटांवर उभं राहायच्या फळ्या घेऊन पाण्यात उतरतात. सिल्वी ही आर्विडची सख्खी मावशी. एकसष्ट वर्षांची, शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, पण आवाज अजून मागच्या सीटपर्यंत पोचणारा. सगळा काठ तिला मावशीच म्हणतो. तिचा सौना पाण्यापासून तीस पावलांवर आहे, आणि आतल्या भिंतीवर देवदाराची एक पाटी आहे. त्या पाटीवर तापल्या सळईनं डागलेली तीन नावं. सलग दहा वर्षं, एकही महिना न चुकवता लाट घेतली की नाव लागतं. एकशे वीस महिने. तीस वर्षांत तीन नावं, आणि त्यातलं पहिलं मावशीच्या नवऱ्याचं, ओन्नीचं, जो आता नाही, पण ज्याचा नियम आहे.

नियम असा. लाट घेतली हे तोंडानं सांगून भागत नाही. एका फेब्रुवारीत पाणी क्षितिजापर्यंत गोठलेलं असताना तिघांनी लाट घेतल्याचं सांगितलं, तेव्हापासून तोंडाचा भरवसा संपला. ओन्नीनं ठरवलं, की पाण्यातून आल्यावर बूट काढायचा, त्यात साठलेलं तळ्याचं पाणी पळीत ओतायचं आणि सौनाच्या तापल्या दगडांवर टाकायचं. वाफ उठली की बसलेल्या सगळ्यांनी छातीभर तीन श्वास घ्यायचे. मग महिना जमा. “बुटातलं पाणी खोटं बोलत नाही,” ओन्नी म्हणायचा.

खोटं बोलत नाही, हीच तर अडचण झाली.

तिथे जो जाड रबरी सूट घालतात, त्यात पाणी शिरतंच. शिरलेलं पाणी अंगाच्या उबेनं तापतं आणि तेच पांघरूण होतं. अंगाची ऊब पुरेनाशी झाली की माणूस ते पाणी दुसऱ्या मार्गानं तापवतो. सगळेच तापवतात. बोलत कुणी नाही. फळीवर बसलेल्या एखाद्याचा चेहरा एकाएकी समाधी लागल्यासारखा शांत होतो आणि बाकीचे आदरानं क्षितिजाकडे बघतात. आर्विडही दहा वर्षं समाधी लावत आला होता. ते सगळं पायांवरून ओघळत शेवटी कुठे जाऊन थांबतं, याचा त्यानं कधी विचार केला नव्हता.

ऑक्टोबरात केला. वेर्नर पेल्टोच्या बुटातलं उरलेलं पाणी त्यानं सहज गंमत म्हणून एका नळीत भरलं आणि सोमवारी यंत्रात घातलं. वेर्नर म्हणजे काउंटीच्या बर्फ ढकलायच्या गाडीवरचा ड्रायव्हर, बावन्न वर्षांचा, जाडजूड, कुठलीही गोष्ट मनात न ठेवणारा. त्याच्या बुटानंही काही मनात ठेवलं नव्हतं. यंत्रानं अमोनियाचा आकडा काढला आणि खाली प्रश्न छापला: नमुना गावाच्या मुख्य गटाराचा आहे का? साहेब येऊन विचारून गेले, कुठे पाइप फुटलाय का. आर्विडनं गावाच्या गटाराचा त्या दिवशीचा आकडा शेजारी मांडून पाहिला. गटार जिंकलं. म्हणजे स्वच्छतेत.

त्या दिवशी त्यानं पेस्टी अर्धी टाकली. एकशे सोळा महिने, प्रत्येकी तीन श्वास, आणि मंडळी पाच-सहा जण. हा गुणाकार त्यानं केला नाही, पण तो आपोआप होत राहिला.

मग सगळंच नासलं. गॅरेजात टांगलेला स्वतःचा सूट त्याला मेलेल्या सीलसारखा दिसायला लागला. पाण्यानं धुतला, साबणानं धुतला, व्हिनेगर घालून धुतला. वास गेला नाही, फक्त लोणच्याचा झाला. नोव्हेंबरात सौनात तो सर्दीचं निमित्त करून नाकाला चिमटा लावून बसला. डिसेंबरातही सर्दी. जानेवारीत मावशी म्हणाली, “नाक मोकळं कर, ही वाफ घेतलीस की सर्दी पळेल,” आणि चिमटा तिनंच उपटला. आर्विडनं एक श्वास घेतला, उठला, बाहेर गेला आणि टोपी हातात धरून तिच्यात ओकला. टोपी लोकरीची होती, मावशीनं विणलेली.

“मावशी, हा पोटुशी आहे,” वेर्नर आतून म्हणाला.

उरलेले दोन श्वास त्यानं दारात उभं राहून घेतले, आणि महिना जमा झाला. एकशे एकोणीस महिने झाले होते. राहिला फेब्रुवारी.

इथे सोडून देणं कुणालाही सोपं गेलं असतं, हाउतालांना नाही. त्यांच्या घराचं नावच गावात ‘एकशेएकोणीस’ असं होतं. आर्विडचा बाप तोइमी, ओन्नीचा साडू, एकशे एकोणीस महिने लाट घेऊन शेवटच्या महिन्यात अडकला होता. त्याच्या पायांच्या बोटांना थंडीनं भेगा पडायच्या, म्हणून त्या दिवशी त्यानं पायांत पावाच्या रिकाम्या पिशव्या चढवल्या, जशा इथे सगळ्या आया पोरांना घालतात, आणि बुटाची वरची कड चिकटपट्टीनं पक्की बांधली. लाटा चांगल्या तीन-चार घेतल्या. सौनात येऊन बूट उलटा केला तर टिपूस नाही. ओन्नी म्हणाला, पाणी नाही तर महिना नाही. दोघे साडू अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत, आणि मग बोलायला उरले नाहीत. पोस्टमन अजून पत्रावर पत्ता नीट नसला की ‘एकशेएकोणीस’कडे आणून टाकतो. आर्विडला शाळेत हजेरीला सुद्धा पोरं हाच आकडा म्हणायची. तर आकडा एकानं वाढवायचा होता, एवढंच. पण त्या सुटात पुन्हा शिरायचं नव्हतं, मेलो तरी.

म्हणून तो डार्लाकडे गेला. डार्ला शहरात होड्या, वल्ही आणि बुडू न देणाऱ्या वस्तू विकायची.

“मला कोरडा सूट हवाय,” तो म्हणाला. “ज्यात काही शिरत नाही.”

“आणि काही बाहेरही येत नाही,” डार्ला म्हणाली. “माहीत आहे ना? आत लोकरीचे कपडे घालायचे, वरून ही पिशवी. गळ्याला न् मनगटाला रबराची पट्टी. पाणी आत नाही, वाफ बाहेर नाही. कशासाठी हवाय?”

“लाटांवर.”

“होडीवाले घालतात. लाटांवर कमीच. पोहताना अंगाभोवती तंबू बांधल्यासारखं वाटतं.”

“तंबू चालेल. तंबू स्वच्छ असतो.”

तिनं तीन सूट बाहेर काढले. एकाच्या गळ्याला जाड कापडी रबर होतं, घालायला सोपं, पण थोडं पाझरणारं. आर्विड ‘पाझरणारं’ या शब्दालाच मागे सरकला. दुसरा मागून चेनचा, म्हणजे लावायला दुसरा माणूस लागणार, आणि दुसऱ्या माणसाचे हात कुठे कुठे असतात हे आर्विडला आकड्यांसकट माहीत होतं. तिसरा छातीवर तिरक्या चेनचा, गळ्याला पातळ रबर, पायांना त्याच कापडाचे शिवलेले मोजे. त्यावरून बूट वेगळे घालायचे. हा त्याला आवडला. एवढ्यात त्याची नजर खाली गेली.

“ही खालची चेन कसली?”

“कसली असणार? पाच तास पाण्यात राहिल्यावर माणसाला जावं लागतं.”

आर्विडनं हात काढून घेतला. “ज्या माणसाला अशी चेन लागते,” तो म्हणाला, “त्याच्यात आणि वेर्नरमध्ये फरक काय?”

“वेर्नर कोण?”

“बिनचेनीचा दाखव.”

“बिनचेनीचा आहे. पण तो कुणी घेत नाही, म्हणून धूळ खात पडलाय. मी सांगते ऐक—”

“तोच,” आर्विड म्हणाला.

डार्लानं त्याला दुकानात घालायला लावला. उकिडवं बसायला लावलं, हात वर करायला लावले, कारण बसता येत नसेल तर सूट लहान, आणि ढगळ वाटला तर आत हवा जास्त. “आणि हे मात्र विसरू नकोस,” ती म्हणाली. “पाण्यात जायच्या आधी उकिडवं बसायचं, दोन्ही गुडघे पोटाशी घट्ट, गळ्याच्या रबरात दोन बोटं घालायची आणि आतली हवा पिळून बाहेर काढायची. सगळी. नाहीतर पडलास की हवा पायात जाते. मग पाय वर, डोकं खाली.”

बूट त्यानं दोन नंबर मोठे घेतले, कारण आत शिवलेला मोजा, त्याच्या आत लोकरीचे दोन. आणि बुटांतच त्याच्या योजनेचा आत्मा होता. पाय कोरडे राहणार, पण बूट तर बाहेर. बुटात तळ्याचं पाणी साठेल, निव्वळ तळ्याचं, काठोकाठ, थंडगार, ज्यात आर्विडचा किंवा कुणाचाही काही वाटा नाही. तीस वर्षांत त्या दगडांवर पहिल्यांदा खरं पाणी पडेल. बापाला जे पावाच्या पिशवीनं नडलं, ते त्यानं हिशेबात धरलं होतं. घरी जाताना तो गाडीत एकटाच दोन वेळा हसला.

महिनाभर तळ्यात बर्फच होता. आर्विडनं तो वेळ सुटावर घालवला. गळ्याचं रबर इतकं घट्ट होतं, की पहिल्या दिवशी डोकं बाहेर काढताना त्याला स्वतःच्या जन्माची आठवण आली, आणि ती त्याला आवडली नाही. मग त्यानं ते रबर चार दिवस सूप करायच्या पातेल्यावर ताणून ठेवलं, त्यावर पावडर लावली, आणि शेवटी कात्रीनं एक वेढा कापला. नवं पातेलं आणलं. सूट घालून तो न्हाणीतल्या टबात दोन तास झोपून राहिला आणि बाहेर येऊन मोजे तपासले. कोरडे. खडखडीत. अनेक महिन्यांनी त्यानं पूर्ण पेस्टी खाल्ली.

अठ्ठावीस तारखेला सकाळी वारा फिरला, बर्फ काठापासून सुटून आत गेला, आणि नऊ वाजता मावशीचा फोन आला. “लाट आहे. दुपारी वारा पडेल. आज नाही, तर तूही बापासारखा एकशेएकोणीसच.”

मावशीच्या स्वयंपाकघरात वेर्नर आधीच बसला होता, रबरी सूट कमरेपर्यंत चढवून, वरती नुसती बनियन. टेबलावर वेलदोड्याचा गोड पाव, नीसू, कापून ठेवलेला. मावशीनं आर्विडसमोर कॉफी ठेवली.

“नको, मावशी. आज नको.”

मावशीनं किटली खाली ठेवली. त्या घरात कॉफीला नको म्हणणं म्हणजे कोर्टात दावा लावणं. “माझ्या कॉफीला काय झालं?”

“कॉफीला काही नाही.”

“टोपीत ओकलास तेव्हा बोलले का काही? एवढी लोकर.”

आर्विड एक कप प्याला. मग वेर्नरनं स्वतःला ओतून घेताना त्याचाही भरला, आणि तिसरा मावशीनं समेट म्हणून दिला. समेटाला नाही म्हणता येत नाही. नंतर तो मागे मोकळा होऊन आला, कारण एकदा सूट चढला की ती सोय नव्हती. पण कॉफी काही लगेच हिशेब देत नाही.

सूट घालायला पंचवीस मिनिटं लागली. वेर्नर दारात उभा राहून बघत होता.

“पार्सल कुणाला पाठवायचंय, मावशी?”

“तू पाण्यात जा,” मावशी म्हणाली. तीही आपल्या जुन्या सुटात शिरत होती. तो सूट एकवीस वर्षांचा होता आणि त्यानं खूप पाहिलं होतं. आर्विड भिंतीकडे वळला.

“नाही, पण खरंच सांग,” वेर्नर म्हणाला, “आत कोरडं राहायचं, तर पाण्यात जायचं कशाला? खिडकीतनं बघ की.”

“तुम्ही पाण्यात जाता असं तुम्हाला वाटतं,” आर्विड म्हणाला. “तुम्ही दुसऱ्याच कशात तरी बसलेले असता.”

“कशात?”

“माझ्याकडे आकडा आहे.”

“आकडा ठेव जपून, तुमच्या घरचाच आहे,” वेर्नर म्हणाला आणि बर्फातून खाली गेला.

काठावर आर्विड उकिडवा बसला, गुडघे पोटाशी घेतले, गळ्यात दोन बोटं घातली आणि हवा पिळली. हवा बाहेर आली, थेट त्याच्या नाकाखाली. ती हवा पंचवीस मिनिटं त्याच्यासोबत लोकरीत कोंडलेली होती. तीन कप कॉफी, नीसूचे दोन काप, एक घाबरलेला माणूस. आजवर हा वास त्याला कधी आला नव्हता, कारण बाकीच्यांचा त्याहून मोठा होता. त्यानं झटकन बोटं काढली आणि रबर मिटलं. अर्धी हवा आतच राहिली. ती निदान आत तरी होती.

पाणी गार होतं हे त्याला फक्त तोंडाला कळलं. बाकी अंग उबेत. बर्फाचे गोळे फळीखालून खडखडत जात होते. मावशी आणि वेर्नर लाटांच्या पलीकडे जाऊन बसले होते, आणि आर्विड त्यांच्यापासून वीस हात लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला. थोड्या वेळात वेर्नरच्या चेहऱ्यावर शांती पसरली. आर्विडनं मान वळवली. वळवली तर तिकडे मावशी, ती पण शांत. मग तो क्षितिजाकडेच बघत बसला, आणि तिसरा कप आला.

आला तो सावकाश, भल्या माणसासारखा. मग बसला. मग दार ठोठावायला लागला. आर्विडनं मांड्या आवळल्या. खाली चेन नव्हती. चेन नसलेला सूट घेतल्याबद्दल महिनाभर त्याला स्वतःचा अभिमान वाटत आला होता, आणि आता तो अभिमान त्याच्या ओटीपोटात मावेनासा झाला.

“लाट आली,” मावशी ओरडली. “घे, दळभद्र्या.”

त्यानं घेतली. हे खरं, मावशी आणि वेर्नर दोघंही शपथेवर सांगतात. तो फळीवर उभा राहिला, हवेनं पोट फुगलेलं, दोन्ही हात बाजूला, पाय एकमेकांना घट्ट चिकटवलेले, आणि तसा चार सेकंद काठाकडे आला. उत्सवात हवा भरून उभा करतात तसल्या पुतळ्यासारखा. मग फळीचं टोक बर्फाच्या गोळ्यावर आपटलं आणि आर्विड पुढे उडाला.

डोकं खाली गेलं. हवेनं वर जायची वाट शोधली आणि तिला पाय सापडले. क्षणात दोन्ही पाय टरारले आणि पाण्याबाहेर आकाशाकडे सरळ उभे राहिले. खाली डोकं, फक्त छातीभर पाण्यात, तळाच्या वाळूवर कपाळ घासत. हात हलवले तर तो जागच्या जागी गोल फिरायचा. बाप डोळ्यांसमोर यायला हवा होता, पण डार्ला आली. “मी सांगते ऐक,” ती म्हणत होती. आणि मग ज्या गोष्टीला तो इतका वेळ दार लावून उभा होता, तिचं दार सुटलं. उलट्या माणसात ती कुठून कुठे जाते हे सांगायची गरज नाही. ती आधी पोटावर गेली, मग छातीवर, आणि गळ्याच्या रबरापाशी येऊन थांबली, कारण ते रबर उत्तम होतं. त्यानं काहीही बाहेर जाऊ दिलं नाही.

ऊब वाटली. ऊब वाटली याचीच त्याला सगळ्यात जास्त शिसारी आली.

मावशी आणि वेर्नरनं येऊन एकेक पाय धरला आणि ओढलं. बूट दोन नंबर मोठे होते. दोन्ही बूट दोघांच्या हातात आले, दोघं मागे पडले, लाट आली आणि बूट घेऊन गेली. दुसऱ्यांदा त्यांनी गुडघ्यांना धरलं. काठावर त्याला सरळ उभं केलं तेव्हा सुटातलं सगळं जे वर होतं ते खाली उतरलं, पोटावरून, मांड्यांवरून, आणि शिवलेल्या मोज्यांत जाऊन बसलं.

सौनाच्या बाहेरच्या खोलीत वेर्नरनं आपला बूट काढून पळीत ओतला आणि आत दगडांवर टाकून आला. मावशीनंही टाकलं. मग तिनं पळी आर्विडसमोर धरली.

“बूट नाहीत,” तो म्हणाला.

“दिसतंय.”

“लाट घेतली. तुम्ही पाहिलंत.”

“पाहिली,” मावशी म्हणाली. “तुझ्या बापाच्या तर चार पाहिल्या होत्या.” तिनं पळी खाली केली नाही, पण सळईलाही हात लावला नाही. सळई चुलीत आधीच ठेवलेली होती. तिचं टोक लाल झालेलं फटीतून दिसत होतं. “नियम ओन्नीचा आहे रे. मी बदलला तर त्या तिघांच्या नावांना काय अर्थ?”

आर्विड उठायला गेला आणि त्याच्या पायातून आवाज आला. पचक.

वेर्नरचे कान टवकारले. “परत कर.”

“नाही.”

“मावशी, गळतोय.” वेर्नरचा चेहरा उजळला. “एवढ्या दिमाखाचा सूट, चाळणी निघाली. आत पाणी आहे याच्या. बूट नाहीत तर नाहीत, मोजा म्हणजे आतला बूटच. हो का नाही?”

मावशीनं विचार केला. “ओन्नी ‘पायात साठलेलं’ म्हणायचा,” ती सावकाश म्हणाली. “बूट मागनं लोकांनी म्हणायला सुरुवात केली.” मग ती आर्विडकडे वळली. “गळतो का सूट?”

टबात दोन तास पडूनही जो गळला नाही, तो सूट. ज्याचं रबर त्यानं पातेल्यावर ताणलं, कात्रीनं कापलं, तो सूट. गाडीत पेटीत तपासायच्या कागदी पट्ट्या होत्या, अर्ध्या मिनिटात आकडा सांगणाऱ्या. आर्विडनं वर पाटीकडे पाहिलं. दार उघडं होतं, तीन नावांखालची रिकामी जागा इथूनही दिसत होती. चौथं नाव मावेल एवढीच.

“गळतो,” तो म्हणाला.

त्यानं छातीवरची चेन उघडून सूट उतरवला. वेर्नरनं प्रेमानं सुटाचा पाय धरून वर केला, आणि पळी भरून वर थोडं सांडलं. मावशीनं पळी आत नेली. आर्विडला त्यांच्यामागून जाऊन बाकावर बसावं लागलं, कारण ज्याचं पाणी त्यानं तिथे असायलाच हवं.

दगडांवर ते पडलं तेव्हा नेहमीपेक्षा जरा जास्त फुसफुसलं. वाफ छताला जाऊन खाली आली. तिघांनी छातीभर श्वास घेतला. एक. आर्विडला चिमटा आठवला. दोन. त्याच्या घशात कॉफी आली, म्हणजे कॉफी पुन्हा आली. तीन.

वेर्नरनं ओठांवरून जीभ फिरवली. “आज वाफेला मीठ आहे.”

“तळ्यात कुठलं मीठ?” मावशी म्हणाली.

“तेच म्हणतो मी.”

“रस्त्यावर टाकतात ते वाहून येत असेल.”

“रस्त्यावर मीच टाकतो, मावशी. या बाजूला काउंटी वाळू टाकते.” त्यानं पुन्हा जीभ फिरवली. मग त्यानं आर्विडकडे बघितलं, आणि तो आदरानं समोरच्या भिंतीकडे बघायला लागला.

मावशी उठली. फडक्यानं सळई धरून चुलीतून काढली आणि पाटीसमोर उभी राहिली. पहिलं अक्षर डागताना ती पाठमोरीच बोलली.

“तुझा बाप इथंच उभा होता, रिकामा बूट घेऊन. ओन्नीनं कानात सांगितलं होतं त्याला. म्हणाला, तोइमी, जरा भिंतीमागे जाऊन ये आणि बूट भरून आण, मी काही विचारणार नाही. सगळ्यांच्या बुटात शेवटी तेच असतं.”

“मग?”

“त्याला किळस आली.” तिनं फुंकर मारली आणि दुसऱ्या अक्षराला लागली. “किळस तुमच्या घराण्यातच आहे.”

देवदार जळायला लागला की त्याचा धूर चांगला असतो. आर्विड त्या धुराखाली तोंड उघडं ठेवून बसला. धुरानं दुसरा वास झाकला. सगळा नाही.